पाचवी ‘ब’चा आवाज

वंदना,

तुझ्या फोटोला हार घालून झाला. दोन मिनिटं उभं राहून झालं. तुझ्या जाण्याने केवढी पोकळी निर्माण झाली, हे ज्यांना तुझं आडनावही धड येत नव्हतं त्यांनी कागदात बघून सांगून झालं. वार्षिक अंकासाठी मोठ्या बाईंनी शोकसभेच्या आधीच माझ्याकडे तुझ्यावर एक पान मागून ठेवलंय, भावपूर्ण असू द्या पण फार लांबवू नका, अशा सूचनेसकट. ते पान मी देईन त्यांना. हे ते नव्हे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि भांडणातून मधेच उठून जायची तुझी पद्धत नव्हती, म्हणून हे तुलाच लिहितेय.

तापाचं काय ते निमित्त झालं. रजेवर जाताना तू फोनवर एवढंच म्हणालीस, की दोन दिवस माझ्या पोरांकडे बघ गं. मी म्हटलं, तुझ्या पोरांकडे बघायला तुझे टॅब आहेत की, मी कशाला हवी? एरवी माझ्या असल्या बोलण्यावर तू ‘बोलली सदाशिव पेठ’ म्हणून हसायचीस. त्या दिवशी हसली नाहीस. ‘बघशील ना?’ एवढंच परत विचारलंस. मी हो गं बाई म्हणून फोन ठेवला. आपलं शेवटचं बोलणं ते. दवाखान्यात पोचले तेव्हा तू बोलण्याच्या पलीकडे गेली होतीस.

टॅबवरून आपण काय कमी भांडलो? एका कंपनीने ते दान दिले आणि कोणाच्या वर्गात आधी सुरू करायचे असं मोठ्या बाईंनी विचारलं, तर सगळ्यांच्या आधी तुझा हात वर. मी म्हणाले, आधी पंखे दुरुस्त करा, मग यंत्रं आणा. तू डबा उघडता उघडता शांतपणे म्हणालीस, ‘मेधा, हे यंत्र आडनाव विचारत नाही.’ मग तू तुझ्या अमरावतीकडच्या शाळेची गोष्ट सांगितलीस. तुमचे गुरुजी आडनाव बघून कोणाला वाचायला उभं करायचं ते ठरवायचे, आणि चौथीपर्यंत तुला एकदाही उभं केलं नव्हतं. तू म्हणालीस, माझ्या वर्गात असं एकही लेकरू राहणार नाही. टॅब प्रत्येकाला वाचायला लावेल, प्रत्येकाचं ऐकेल, दमणार नाही आणि खेकसणार नाही. मी आपला खवचटपणा केला. ऐकेल म्हणजे काय, कान आहेत का त्याला? ‘तुझ्यापेक्षा बरे,’ तू म्हणालीस, आणि तुझ्या डब्यातला ठेचा माझ्या पोळीवर ठेवलास.

ठेच्याची गोष्ट निघाली तर तेही बोलून टाकते. शाळा बंद होत्या त्या काळात तू तोंडाला फडकं बांधून, ठेच्याची बरणी घेऊन धायरीहून स्कूटरवर माझ्याकडे आली होतीस. घरात यायचं नाही म्हणून जिन्यात उभी राहिलीस आणि मी दारात. मोबाइल कसा टेकवून ठेवायचा, मुलांना कसं जोडून घ्यायचं, सगळं तू तिथून शिकवलंस. मला काही जमेना. तू खालून ‘म्यूट काढ, अगं म्यूट काढ’ म्हणून ओरडतेयस आणि वरच्या मजल्यावरचे लोक कठड्यावरून वाकून बघतायत. माझी नोकरी त्या जिन्यामुळे टिकली. तुझे आभार मानायचे राहिले ते राहिलेच. आपल्यात असलं काही बोलायची रीत नव्हती.

तू गेल्यावर मोठ्या बाईंनी पाचवी ‘ब’ माझ्याकडे दिली. मी सहावी-सातवीवाली, तुझ्या पोरांशी माझा संबंध येता-जाता नमस्कारापुरता. पहिलीपासून तूच त्यांना वर आणत होतीस. वाचनाच्या तासाला प्रत्येकाने आपल्या नावाचं चित्र दाबायचं, उतारा येतो, तो मोठ्याने वाचायचा, टॅब ऐकतो आणि हिरवी खूण देतो किंवा लाल, आणि ती मोठ्या बाईंच्या खोलीतल्या पडद्यावर दिसते, एवढं मला ठाऊक होतं. तुझा वर्ग सगळाच्या सगळा हिरवा. संस्थेची मंडळी तो पडदा बघायला मुद्दाम यायची. पुढच्या वर्षीच्या तुकड्या या खुणांवर पडणार, हेही जाहीर झालं होतं. हिरवी मुलं चांगल्या तुकडीत आणि लाल मुलं मागच्या बाजूच्या पत्र्याच्या खोलीत.

मला वाटलं होतं, अख्खा वर्ग एकदम वाचतोय म्हणजे कान किटतील. वर्गात चिडीचूप. मुलं टॅब मांडीवर घेऊन हाताची घडी घालून बसलेली. पहिल्या बाकावरून एक बारकी मुलगी उठली, शेजारणीचा टॅब घेतला, उतारा वाचला, खाली ठेवला. मग पुढचा घेतला. मग त्याच्या पुढचा. तिला कोणी काही सांगत नव्हतं. ज्याचा टॅब तिच्या हातात, त्याचे ओठ नुसते हलायचे, आवाज न करता. हिरवी खूण आली की पोरगी पुढच्या बाकाशी. ही ईश्वरी, अकोल्याकडची, तुझी लाडकी. तुझी काहीतरी नवी पद्धत असेल, असं समजून मी मधे पडले नाही. पण मला ते बघवेना. मुलांचा वर्ग इतका शांत मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी समर्थला उभं केलं. दांडगा मुलगा, इथल्याच गावातल्या घरचा. म्हटलं, तुझा टॅब तू वाच. त्याने आधी ईश्वरीकडे बघितलं, मग वाचलं. आणि काय सांगू तुला, सुरेख वाचलं गं. स्वल्पविराम आला की थांबत होता, जोडाक्षराला अडखळत नव्हता. मी शाबास म्हणणार तोवर टॅबवर लाल खूण आली आणि आतली ती गोड बाई म्हणाली, ‘हा आवाज समर्थचा नाही. कृपया समर्थने वाचावं.’ मी हादरले. तो नाही. त्याने तो टॅब मुकाट ईश्वरीच्या हातात दिला. ईश्वरीने वाचलं. हिरवी खूण आली.

ईश्वरीला मी डबा खायच्या सुट्टीत जवळ बसवलं. हळूहळू ती बोलली. गेल्या वर्षी टॅब आले तेव्हा नोंदणी करायची होती. प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं, दोन ओळी वाचायच्या, म्हणजे टॅब त्याचा आवाज ओळखून ठेवतो. आणि नेमकी गावची यात्रा. निम्मे बाक रिकामे. जी होती ती पोरं लाजून पुटपुटत होती. संस्थेची मंडळी दुसऱ्या दिवशी बघायला येणार आणि कंपनीचा माणूस घड्याळाकडे बघतोय. ईश्वरीचं कुटुंब बाहेरगावचं, ते काही यात्रेला जात नव्हतं, ती हजर होती. ती म्हणाली, ‘बाई म्हणल्या, तुझा आवाज खणखणीत हाय, तू दे सगळ्यायचा.’

मला तू डोळ्यांसमोर दिसलीस. पदर खोचून, कपाळावर घाम, एकेक टॅब पुढे सरकवतेयस. तुला वाटलं असणार, हजेरीसारखीच एक उपचाराची गोष्ट. आपल्याकडे घरातला एक जण सगळ्यांच्या वतीने रांगेत उभा राहतोच. दूध आणायलाही तोच आणि मत कोणाला द्यायचं ते सांगायलाही तोच. एका खणखणीत आवाजाने सगळ्यांचं काम उरकलं तर कोणाचं काय बिघडलं? त्या दिवसापासून पाचवी ‘ब’मधल्या प्रत्येक नावाला त्या यंत्राच्या लेखी एकच गळा आहे, हे तुला कोणी सांगितलंच नाही.

मग मी घरी स्वतःचंच डोकं खात बसले, की तुला हे कधी कळलं? कळलं नव्हतं असं मी स्वतःला पटवायला बघितलं. पण गणपतीच्या दिवसांत तू मला विचारलं होतंस, एका माणसाचा आवाज दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे हे कशावरून ठरवतात गं? मी म्हटलं, एखाद्या गवयाला विचार. नंतर एकदा म्हणालीस, दिवाळीच्या सुट्टीत मला एक निस्तरायचंय, मोठ्या बाईंना कळायच्या आत. मला वाटलं पेपर तपासायचे राहिले असतील. आणि हल्ली तू रोज शेवटच्या तासाला पोरांना मैदानावर नेऊन मोठमोठ्याने वाचायला लावत होतीस. त्या गोंगाटाची तक्रार मीच केली होती. तुला माहीत होतं, वंदना. टॅबला ईश्वरी द्यायची आणि पोरांना खरं वाचायला तू मैदानावर शिकवायचीस. समर्थ वाचतो तो तुझ्यामुळे, आणि ते वाचणं कुठल्याच पडद्यावर उमटत नव्हतं.

मला राग कशाचा येतो सांगू? तू मला सांगितलं नाहीस. मी ‘बघ, मी म्हणत होते’ असं म्हणाले असते, हे खरंय. महिनाभर म्हणत राहिले असते. पण नंतर तुझ्याबरोबर मोठ्या बाईंच्या खोलीत आलेही असते. एवढी ओळख नव्हती का आपली?

मी तुझा वर्ग घेतला त्याच आठवड्यात ईश्वरीच्या घशाला काहीतरी झालं. आवाज फुटेना. गालात ज्येष्ठमधाची काडी धरून ती शाळेत यायची. तिची आई मला फाटकाशी भेटली. म्हणाली, पोरगी घरात बोलतच नाही हो बाई, आवाज जपून ठेवते म्हणते. अंगात ताप असताना पोरगी वर्गात बसलेली. मी म्हटलं, घरी जा. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, ‘मी गेली तं सगळे लाल होतीन.’ ती दहा वर्षांची आहे गं.

त्यानंतर एकदा पाण्याच्या नळाकडून जाताना मला ईश्वरीचा आवाज ऐकू आला. स्वच्छ, बारीक, तिचा तो वऱ्हाडी हेल. मला बरं वाटलं, म्हटलं सुटला बाई घसा. वळून बघितलं तर समर्थ. डोळे मिटून, मान वर करून, भिंतीवरची ‘पाणी जपून वापरा’ची पाटी तो ईश्वरीच्या आवाजात वाचत होता. शेजारी आणखी मुलं उभी होती, आपापली पाळी येण्याची वाट बघत. एकेक जण पुढे यायचं आणि तोच आवाज काढायचं. एक मुलगी मला मोठ्या कौतुकाने म्हणाली, ‘बाई, माझा जुळला. माझा टॅब हिरवा झाला.’ ईश्वरीचा घसा जाणार हे त्यांनी माझ्या आधी ओळखलं होतं आणि आपापली सोय करायला घेतली होती.

तिथून पुढे तो आवाज मला कुठेही ऐकू यायला लागला. हजेरी घेताना ‘हजर’ त्याच आवाजात. ‘बाई, पाणी पिऊन येऊ?’ त्याच आवाजात. मैदानावर कबड्डी चालू होती, मी पाठमोरी उभी होते, आणि मागून एकच मुलगी एकटीच कबड्डी खेळतेय असं वाटत होतं. मी वळले नाही. मला वळायची भीती वाटली. समर्थच्या वडिलांना मी विचारलं, घरी काही फरक जाणवतो का? ते हसले. म्हणाले, ‘आता घरीबी तसंच बोलतंय की. चांगलं हाय, शाळेतलं वळण लागलंय.’

मी मोठ्या बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘मेधाबाई, माणूस गेलंय. आता तिच्या नावाला कशाला काही लावता?’ आणि मग त्यांनी मला खरी बातमी दिली. संस्थेने ठरवलं होतं, की हे टॅब आता सगळ्या शाखांना द्यायचे आणि उपक्रमाला तुझं नाव द्यायचं. घोषणा शोकसभेतच, आणि तुझ्या वर्गातली मुलं तिथे एकेक करून वाचून दाखवणार, तुला श्रद्धांजली म्हणून. मी म्हटलं, ईश्वरीचा घसा बसलाय. त्या म्हणाल्या, मुलांनी तयारी केलीय, तुम्ही काळजी करू नका.

सभेत तुझ्या फोटोखाली मोठा पडदा लावला होता. समर्थ आला, टॅब हातात घेतला, आणि तुझ्या फोटोला नमस्कार करून वाचायला लागला. त्या आवाजात. पडद्यावर हिरवी खूण आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पुढची मुलगी. मग पुढचा मुलगा. तोंडं वेगवेगळी आणि आवाज तोच. मी सभागृहात इकडेतिकडे बघत होते, की कोणाच्या तरी चेहऱ्यावर काही दिसेल. काही नाही. माझ्या शेजारी बसलेले संस्थेचे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, किती एकसारखं वाचतात हो, हे बाईंचं श्रेय. मागच्या रांगेत ईश्वरी गळ्यावर हात ठेवून बसली होती आणि प्रत्येक मुलाबरोबर तिचे ओठ हलत होते. अनिलराव, तुझे यजमान, पहिल्या रांगेत मान ताठ करून बसले होते. खूप दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जरा बरं दिसत होतं.

मग माझं नाव पुकारलं. तू किती कष्टाळू होतीस वगैरे लिहिलेला कागद माझ्या हातात होता. मी तो पर्समध्ये ठेवला. म्हणाले, ‘वंदनाने एक चूक केली होती, आणि ती निस्तरायच्या आत ती गेली.’ पुढचं सगळं सांगितलं. यात्रा, नोंदणी, मैदान, घसा. बोलताना अनिलरावांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. सभा तिथेच आटोपली. चहाला कोणी माझ्याजवळ आलं नाही. अनिलराव जाताना एवढंच म्हणाले, की तिला हे आवडलं नसतं. मी काय बोलणार? नसतंच आवडलं. तरी तू मला माफ करशील असं मला वाटतं, आणि नाही केलंस तरी मी पुन्हा हेच करेन. तू मला पोरांकडे बघ म्हणाली होतीस, नावाकडे नव्हे.

मोठ्या बाई माझ्याशी बोलत नाहीत. उपक्रमाला तुझं नाव देण्याचं बारगळलं, पण टॅब सगळ्या शाखांना जाणारच आहेत, त्याला आता कोणी थांबवू शकत नाही. आपल्या वर्गापुरतं मात्र कंपनीने मान्य केलं, की जुनी नोंद पुसायची आणि ज्याचा त्याचा आवाज नव्याने घ्यायचा.

ते काल झालं. डॉक्टरांनी ईश्वरीला बोलायची बंदी केलीय, त्यामुळे तिची नोंद मागाहून. तिने आपल्या बाकावर दप्तरावर डोकं टेकलं आणि बघता बघता तिला झोप लागली. कंपनीचा माणूस टेबलाशी बसला, मी त्याच्या शेजारी. बाकीचा वर्ग रांगेत उभा. पहिला समर्थ.

त्याने नाव सांगितलं. बारीक, स्वच्छ, हेल काढून. मी म्हटलं, हा नको रे, तुझा दे. त्याने खाकरून पुन्हा सांगितलं, जरा जाड. मग थांबला. ‘हा?’ मला सांगता येईना. त्याने आणखी एक काढून बघितला, तो त्याच्या वडिलांसारखा होता. ‘हा का, बाई?’ मी त्याला खरं वाचताना एकदाच ऐकलं होतं, पहिल्या आठवड्यात, आणि तेव्हा मी चुका शोधत होते, आवाजाकडे माझं लक्षच नव्हतं. कंपनीचा माणूस म्हणाला, मॅडम, कुठलाही चालेल, पण एक काय तो पक्का करा, नंतर बदलता येणार नाही.

पोरगा माझ्या तोंडाकडे बघत उभा. त्याचे डोळे भरून आले होते.

‘बाई,’ त्याने विचारलं, ‘माझा कसा होता?’

पहिलीपासून त्याला वाचताना ऐकलेलं माणूस एकच होतं, वंदना, आणि त्याच्या मागे अख्खी रांग उभी होती.